ऐकणाऱ्यांतूनच उठलेला आवाज : सामुदायिक रेडिओचा स्वयंसेवी निवेदक

सामुदायिक रेडिओ म्हणजे एखाद्या मर्यादित परिसरातील लोकांसाठी, त्याच परिसरात रुजलेल्या आणि नफ्याचा हेतू नसलेल्या संस्थेने चालवलेले कमी शक्तीचे एफ.एम. केंद्र होय. आकाशवाणी सरकारी निधीवर चालते आणि खासगी एफ.एम. वाहिन्या जाहिरातींच्या उत्पन्नावर चालतात. सामुदायिक केंद्राची मदार मात्र मुख्यतः माणसांवर असते, कारण तेथे पगारी कर्मचारी मोजकेच असतात आणि कार्यक्रमांचा बराचसा भार शेतकरी, शिक्षक, गृहिणी, अंगणवाडी सेविका आणि महाविद्यालयीन विद्यार्थी आपापली कामे सांभाळून उचलत असतात. यांपैकी जो मायक्रोफोनसमोर बसून कार्यक्रम सादर करतो, तो स्वयंसेवी निवेदक. हे काम केलेली माणसे पुढे कोणत्याही व्यवसायात गेली तरी रेडिओवरील त्या दिवसांविषयी जिव्हाळ्याने बोलतात, आणि त्यांच्या या बोलण्याकडे बहुधा स्मरणरंजन म्हणून पाहिले जाते. वास्तविक अशा आठवणी हे ग्रामीण प्रसारणाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. ते का, हे समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरते, कारण रेडिओ ऐकणाऱ्या आणि पुढे रेडिओवर बोलू लागलेल्या ग्रामीण महाराष्ट्राची गोष्ट या परिसराच्या अवतीभवतीच घडलेली आहे.

दोन तालुके आणि पुणे केंद्र

भीमा नदीच्या उत्तरेला शिरूर आणि दक्षिणेला दौंड असे हे शेजारी तालुके आहेत. घोड नदीच्या काठी वसल्यामुळे घोडनदी या नावानेही ओळखले जाणारे शिरूर पुणे–नगर रस्त्यावर आहे, तर दौंड हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जंक्शन असून मनमाडकडे जाणारा फाटा तेथूनच निघतो. कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, केडगाव-यवत पट्ट्यातील गुऱ्हाळे, रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती, आणि यांच्या जोडीलाच पाबळ-कान्हूर मेसाईसारखा पावसाच्या भरवशावरचा टापू, असे परस्परविरुद्ध जीवन या दोन तालुक्यांत नांदते. एकाच तालुक्यातील दोन गावांच्या गरजा इतक्या भिन्न असतील, तर संपूर्ण विभागासाठी बोलणाऱ्या एका मोठ्या केंद्राला त्या सगळ्यांना पुरे पडणे अवघड जाते, हे सामुदायिक रेडिओमागचे मूळ तर्कशास्त्र येथे सहज ध्यानात येते.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि मध्यम लहरींवरील त्याचा आवाज आसपासच्या जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत पोहोचू लागला. मध्यम लहरी जमिनीच्या कडेकडेने दूरवर जात असल्यामुळे असे एकच केंद्र अनेक जिल्ह्यांना पुरते. माणदेशातून आलेले कथाकार व्यंकटेश माडगूळकर १९५५ पासून या केंद्राच्या ग्रामीण विभागात काम करू लागले, आणि त्याच वर्षी १ एप्रिलला ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ याच केंद्रावरून सुरू होऊन वर्षभर दर आठवड्याला लोकांच्या कानी पडत राहिले. रेडिओ घेणे त्या काळी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात नव्हते, त्यामुळे एका संचाभोवती अनेक माणसे जमत. बोलणारा शहरात आणि ऐकणारे गावात, अशी ही व्यवस्था होती. परंतु ऐकण्याची क्रिया आरंभापासूनच सामुदायिक होती, ही बाब पुढील घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९५६ चा प्रयोग : ऐका, चर्चा करा, कृती करा

‘गीतरामायणा’चे वर्ष सरत असतानाच, फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात, पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला, ज्याची जगभरच्या संज्ञापन-अभ्यासकांनी दखल घेतली. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट एकत्र बसून रेडिओवरील कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत असत. त्याच धर्तीवर तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. प्रत्येक मंडळात साधारणतः पंधरा ते वीस सदस्य असत. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले, आणि प्रत्येक कार्यक्रमानंतर सदस्यांनी त्यावर बोलावे, आपल्या गावात त्यातले काय करता येईल ते ठरवावे आणि शंका पुणे केंद्राला लिहून कळवाव्यात, अशी पद्धत ठेवण्यात आली. या शंकांची उत्तरे पुन्हा रेडिओवरून दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली केले. मंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केल्यावर असे आढळले, की मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत इतरांपेक्षा लक्षणीय भर पडली होती. नुसता रेडिओ असून भागत नाही, ऐकलेल्यावर बोलण्याची सोय असावी लागते, हा या अभ्यासाचा गाभा होय. जगदीशचंद्र माथुर आणि नॉयराथ यांनी लिहिलेला त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच सुमारास ही योजना देशाच्या इतर भागांतही नेण्यात आली.

प्रत्येक मंडळाचा एक निमंत्रक असे. लोकांना वेळेवर बोलावणे, संच सुरू करणे, चर्चा भरकटू न देणे, कमी बोलणाऱ्याला बोलते करणे आणि शेवटी टिपण लिहून पुण्याला पाठवणे ही त्याची कामे होती. आजच्या स्वयंसेवी निवेदकाच्या कामाशी त्यांचे साम्य उघड आहे; फरक एवढाच, की निमंत्रकाच्या हाती लेखणी होती आणि मायक्रोफोन पुण्यात होता. तो मायक्रोफोन गावापर्यंत येण्यास पुढे अर्धशतक लागले.

लहरींवरचा हक्क

या बदलाची कायदेशीर बैठक ९ फेब्रुवारी १९९५ रोजी तयार झाली. भारत सरकारचे माहिती व प्रसारण मंत्रालय आणि बंगालची क्रिकेट संघटना यांच्यातील दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणासाठी वापरला जाणारा रेडिओलहरींचा वर्णपट ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच झाला पाहिजे, असा निर्वाळा दिला. हा निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींत महाराष्ट्रातील पी. बी. सावंत हेही होते. डिसेंबर २००२ मध्ये केंद्र सरकारने नामवंत शिक्षणसंस्थांना परिसर रेडिओ चालवण्याची मुभा दिली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात देशातील असे पहिले केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर २००६ मध्ये हे धोरण व्यापक करून नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही परवानगीचा मार्ग मोकळा करण्यात आला. खऱ्या अर्थाने खेड्यातला रेडिओ येथून सुरू झाला.

पुणे जिल्ह्यात आणि आसपास या धोरणांची फळे लवकर दिसली. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे १०७.४ मेगाहर्ट्झवरील केंद्र २००५ मध्ये सुरू झाले. दौंडच्या शेजारी बारामतीत कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ आणि विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ अशी दोन केंद्रे उभी राहिली, तर सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू केली. ज्या माणदेशाची बोली पूर्वी व्यंकटेश माडगूळकरांसारख्या लेखकाबरोबर पुण्याच्या स्टुडिओत गेली, त्या माणदेशातील स्त्रिया आता म्हसवडच्याच स्टुडिओत बसून आपल्या बोलीत बोलू लागल्या. देशभरात आज अशी सुमारे पाचशे केंद्रे आहेत.

दहा किलोमीटरचे जग

सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपकाची, म्हणजे आवाजाचे रेडिओलहरींत रूपांतर करून त्या मनोऱ्यावरून सोडणाऱ्या यंत्राची, प्रभावी शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि मनोऱ्याची उंची ३० मीटरपर्यंत ठेवण्याचे बंधन असते. एफ.एम. लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे टेकडी आडवी आली की आवाज विरतो. अशा केंद्राचा टप्पा भूरचनेनुसार दहा-पंधरा किलोमीटरचा असतो. पुणे–नगर रस्त्यावर कोरेगाव भीमापासून शिरूरपर्यंतचे अंतरच सुमारे ४० किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले तर एका केंद्रात एक तालुकाही मावत नाही हे स्पष्ट होते. तांत्रिकदृष्ट्या ही उणीव असली, तरी निवेदकाच्या दृष्टीने तेच त्याचे बळ ठरते, कारण ज्यांच्याशी तो बोलतो त्यांतील अनेकांना तो चेहऱ्याने ओळखतो आणि तेही त्याला ओळखतात.

नवख्या स्वयंसेवकाचे प्रशिक्षण साध्या गोष्टींपासून सुरू होते. मायक्रोफोन तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि किंचित तिरपा ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ या ओष्ठ्य वर्णांबरोबर सुटणारी हवा थेट त्यावर आदळत नाही. कागद उलटताना होणारी सळसळ श्रोत्याला स्पष्ट ऐकू जाते, म्हणून पाने न टाचता सुटी ठेवावीत. मिश्रकाच्या, म्हणजे निरनिराळ्या ठिकाणांहून येणारे आवाज कमी-जास्त करून एकत्र आणणाऱ्या यंत्राच्या, दर्शकावरील पट्टी तांबड्या भागात जाऊ देऊ नये, कारण तेथे आवाज फाटतो. याहून अवघड असते ती भाषा. शाळेत भाषण करून सरावलेला मुलगा पहिल्या दिवशी ‘तमाम श्रोतृवर्गास’ असे काहीतरी म्हणतो, आणि केंद्रातील जाणती माणसे त्याला समजावतात, की समोर सभा नाही, गोठ्यात धार काढणारी एक बाई आहे, तेव्हा तिच्याशी बोलावे तसे बोल. प्रमाण मराठीचा धाक गेला आणि घरची बोली स्टुडिओत आली, की निवेदन सुधारते. या मोकळेपणाची चव ज्याला एकदा लागली त्याला ती सहसा विसरता येत नाही.

बातम्यांवाचूनचा रेडिओ

सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि राजकीय चालू घडामोडींवरील कार्यक्रम देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र मात्र जसेच्या तसे सहक्षेपित करता येते. या निर्बंधावर अनेकदा टीका झाली आहे आणि ती अप्रस्तुत नाही. तथापि हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, प्रवेशप्रक्रिया, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याविषयीच्या सूचना, आरोग्याचे आणि नैसर्गिक आपत्तीचे इशारे हे सर्व बातमीच्या व्याख्येबाहेर ठेवले असल्याने स्थानिक निवेदकाला भरपूर मोकळी जागा उरते. शिरूर-दौंडसारख्या भागात या जागेचे मोल मोठे आहे. मुठा उजव्या कालव्यावरील दौंडच्या किंवा चासकमान कालव्यावरील शिरूरच्या शेतकऱ्याला आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाणी सोडण्याची पाळी, कधी सुरू होणार हे वेळेवर कळणे आणि कृषिपंपांची वीज या आठवड्यात दिवसा आहे की रात्री हे ठाऊक असणे, यावर त्याची झोप आणि पीक दोन्ही अवलंबून असतात.

बिबट्याचे उदाहरणही असेच आहे. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात मोडतो, आणि उसाच्या दाट शेतांत बिबट्यांनी ठाण मांडल्यामुळे माणसांवरील हल्ले हा येथील गंभीर प्रश्न झाला आहे. तिन्हीसांजेनंतर मुलांना एकटे अंगणात सोडू नये, शेतात वाकून काम करताना जवळ दुसरे कोणी असावे, गोठा बंदिस्त ठेवावा, रात्री बाहेर पडताना विजेरी आणि मोबाइलवरचे गाणे सुरू ठेवावे, या सूचना पत्रकातून वाचणे आणि त्याच शिवारात राहणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून ऐकणे यांत फरक आहे. सांगणारा स्वतः त्याच पायवाटेने घरी जाणार असतो, म्हणून त्याच्या सांगण्याला वजन येते. जनसंज्ञापनाच्या भाषेत याला स्रोताची विश्वासार्हता म्हणतात. खेड्यात तिला ‘आपला माणूस’ एवढे दोनच शब्द पुरतात.

ओवीपासून ध्वनिफितीपर्यंत

स्वयंसेवकाच्या कामाचा दुसरा मोठा भाग स्टुडिओबाहेर घडतो. ध्वनिमुद्रक घेऊन वाडीवस्तीवर जायचे, माणसांना बोलते करायचे आणि परत येऊन संगणकावर त्यातील अनावश्यक भाग काढून कार्यक्रम बांधायचा, हे क्षेत्रीय ध्वनिमुद्रण होय. या कामाची या भागात एक थोर पूर्वपीठिका आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक डिजिटल संग्रहाद्वारे त्या आज सर्वांना उपलब्ध आहेत. शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या स्त्रियांच्या ओव्याही या संग्रहात आहेत.

ओवी मुद्रित करणे वाटते तितके सोपे नसते. जाते बंद पडून गिरणी आली तशी ओवी म्हणण्याची वेळच दिनक्रमातून गेली, त्यामुळे नुसते ‘ओवी म्हणा’ म्हटले की आजीबाई ‘मला नाही बाई आठवत’ म्हणून हात झटकतात. मात्र खुंटा हाती देऊन मूठभर जोंधळे जात्यात टाकले, की हाताच्या लयीबरोबर शब्द आपोआप येऊ लागतात. जवळ बसलेली नणंद किंवा शेजारीण दुसरी ओळ उचलते आणि अर्ध्या तासात, कोणी विचारले नसते तर कोणालाच कळल्या नसत्या, अशा ओव्या बाहेर पडतात. निवेदकाला तेव्हा गप्प राहणे शिकावे लागते, कारण मध्येच ‘वा!’ म्हटले तर ते मुद्रणात उमटते. तोच कार्यक्रम प्रसारित होतो त्या वेळी आजीबाईंच्या घरी शेजारपाजार गोळा होतो, आणि ज्या बाईचे बोलणे घरात कोणी फारसे मनावर घेत नव्हते तिचा आवाज रेडिओतून येताना ऐकून सुना-नातवंडांची नजर बदलते. स्वयंसेवक ज्या प्रसंगांविषयी सर्वाधिक आपुलकीने बोलतात ते प्रसंग या जातीचे असतात. त्यांत स्वतःच्या प्रसिद्धीचा भाग थोडा आणि दुसऱ्याला मिळालेल्या मानाचा भाग अधिक असतो.

श्रोत्यांशी जडणारे नातेही असेच. शहरी वाहिनीवरचा निवेदक टोपणनावाने ओळखला जातो, गावच्या केंद्रावरील मुलगी मात्र पहिल्याच महिन्यात सर्वांची ‘ताई’ होते आणि आठवडेबाजारात भाजी घेताना तिच्या आवाजावरून तिला ओळखले जाते. कालच्या कार्यक्रमात खताचे प्रमाण चुकीचे सांगितले गेले, तर आज बाजारात चार जण ते लक्षात आणून देतात. आपल्या बोलण्याची जबाबदारी इतक्या थेटपणे अंगावर येणे हे अन्य कोणत्याही माध्यमात विरळ आहे.

तीन महिन्यांची ध्वनिमुद्रणे

या व्यवस्थेच्या अडचणीही लपून राहत नाहीत. केंद्राला जाहिरातींसाठी आरंभी तासाला पाचच मिनिटे होती, ती पुढे सात झाली आणि फेब्रुवारी २०२४ मधील सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी बारा केली. तरीही लहान बाजारपेठेतून मिळणारे उत्पन्न वीजबिल आणि दुरुस्ती यांतच जाते. स्वयंसेवक तयार होईपर्यंत वर्ष जाते आणि नंतर शिक्षण, लग्न किंवा औद्योगिक वसाहतीतील पाळीची नोकरी त्याला दूर नेते. घरोघरी मोबाइल आल्याने रेडिओसंच मागे पडला आहे. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून व्हावेत ही अट आणि सल्लागार व आशय समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात ही २०२४ ची तरतूद स्वागतार्ह असली, तरी ती निभावणाऱ्या माणसांची ये-जा थांबत नाही.

मात्र सर्वांत मोठी हानी दुसरीकडेच होते. नियमानुसार प्रसारित झालेला कार्यक्रम केंद्राने तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक आहे. त्यानंतर तो ठेवण्याची सक्ती कोणावर नाही, आणि साठवणुकीची जागा अपुरी असलेल्या केंद्रात नवीन कार्यक्रमासाठी जुना पुसला जाणे स्वाभाविक ठरते. १९५६ च्या मंडळांत काय घडले हे आज सांगता येते, ते निमंत्रकांनी टिपणे लिहिली आणि संशोधकांनी ती जपली म्हणून. ओव्या आज ऐकता येतात, त्या कोणीतरी पद्धतशीरपणे नोंदवल्या म्हणून. सामुदायिक रेडिओच्या गेल्या दोन दशकांतील कामाची अशी नोंद फार थोडी आहे. कोणत्या वाडीतील कोण काय बोलले, कोणत्या वर्षी टंचाईचा प्रश्न पहिल्यांदा कोणी मांडला, कोणत्या कार्यक्रमानंतर गावाने काय केले, हे मुख्यतः निवेदकांच्या आठवणींतच शिल्लक आहे.

म्हणून या आठवणी विखुरण्याआधी पद्धतशीरपणे टिपून घेणे हे काम पुढील काही वर्षांत करण्याजोगे आहे, आणि त्यास मोठा खर्चही येत नाही. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय किंवा दौंडचे के. जी. कटारिया महाविद्यालय यांसारख्या संस्थांतील मराठी आणि इतिहास विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी परिसरातील जुने निवेदक आणि श्रोते यांच्या मुलाखती मुद्रित केल्या, प्रत्येक मुलाखतीबरोबर गाव, वर्ष आणि कार्यक्रमाचे नाव लिहून ठेवले, आणि केंद्रांनीही तीन महिन्यांची मुदत संपलेले निवडक कार्यक्रम पुसण्यापूर्वी या विभागांकडे सोपवले, तर दोन तालुक्यांचा एक बोलका संग्रह उभा राहू शकतो. अशा संग्रहाचा उपयोग संशोधकांपुरता राहणार नाही. उद्या भीमेच्या अलीकडे किंवा पलीकडे एखादी संस्था नव्या केंद्रासाठी अर्ज करील, तेव्हा यंत्रसामग्रीची माहिती तिला बाजारात मिळेल, परंतु या मातीत कोणत्या कार्यक्रमाला माणसे थांबून ऐकतात आणि कोणत्या कार्यक्रमाला रेडिओ बंद करतात, हे तिला जुन्या निवेदकांकडूनच शिकावे लागेल.